परदेशी लिलाव आणि पैशाची वाट

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीज या लिलावगृहात विक्रीस आली आणि महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली. वऱ्हाडच्या महसुलात ज्या घराण्याचा वाटा होता, त्याच्या मूळ पुरुषाचे नाव पात्यावर देवनागरीत कोरलेले हे शस्त्र १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत पोचले. सर्वांनी तलवार पाहिली. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याचे लक्ष मात्र दोन बारीक गोष्टींकडे गेले. शासनाने हा व्यवहार मध्यस्थामार्फत केला, आणि जाहीर झालेली ४७ लाख १५ हजारांची रक्कम केवळ बोलीची नव्हती. वाहतूक, हाताळणी व विमा तीत धरलेला होता.

हे सांगण्याचे कारण असे की, परदेशी लिलावात घरबसल्या बोली लावणारी मंडळी आता अमरावती-अकोल्यातही आहेत. कोणी जुनी नाणी शोधतो, कोणी हस्तलिखित पोथी, तर अकोल्याच्या डाळ मिलवाल्यास वापरलेले धान्य निवडयंत्र हवे असते. बोली जिंकल्याचा आनंद ताजा असतानाच विक्रेत्याचा निरोप येतो : ‘पैसे अमुक खात्यात तातडीने पाठवा.’ खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

आपल्या वाडवडिलांना तो नवा नव्हता. दर्शनी आणि मुदती हुंडी सर्वांस ठाऊक आहेत. पण शाहजोग हुंडीचे पैसे केवळ प्रतिष्ठित, ओळखीच्या सावकारासच मिळत, आणि जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच देणे लागत. पैसा कोणाच्या हाती पडतो आणि माल बुडाल्यास नुकसान कोणाचे, हे दोन्ही प्रश्न त्या कागदानेच सोडवलेले होते. आजचे प्रत्येक साधन याच दोन कसोट्यांवर घासून पाहावे.

तारेने, म्हणजे स्विफ्टमार्फत, पाठवलेला पैसा एकदा समोरच्या खात्यात जमा झाला की त्या खातेदाराच्या संमतीवाचून परत येत नाही. बँक फार तर विनंतीचा संदेश पाठवू शकते. म्हणून ही वाट नामांकित लिलावगृहासाठीच ठेवावी. असे गृह खरेदीदाराचे पैसे प्रथम स्वतःकडे घेते आणि मूळ मालकास नंतर देते. मध्ये तक्रारीस थोडी तरी जागा उरते. अनोळखी व्यक्तीच्या खात्यात मात्र तारेने रक्कम पाठवू नये. ‘मनी ट्रान्सफरने पाठवा’ असे कोणी म्हणाल्यास जाणावे की, आपल्याकडील त्या योजनेत पैसा परदेशातून केवळ येतो, जात नाही. आभासी चलन किंवा भेटकार्डाचे क्रमांक मागणाऱ्याशी पुढे बोलण्याचेही कारण नाही.

लहान रकमेस क्रेडिट कार्ड बरे. माल आला नाही किंवा भलताच आला, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी हरकत नोंदवून रक्कम परत मागता येते. मात्र तिची मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या ‘आज-उद्या’वर महिने घालवू नयेत. पेपालवर वस्तूखरेदी म्हणून पैसे दिल्यास १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. तेच पैसे ‘मित्र व कुटुंब’ या सदरात दिल्यास हे संरक्षण मिळत नाही. शुल्क वाचवण्यासाठी विक्रेते नेमका हाच आग्रह धरतात. कार्डावरील परदेशी व्यवहाराची सोय खरेदीपुरतीच चालू करावी व लगेच बंद करावी, कारण अनेक परदेशी संकेतस्थळे ओटीपी मागत नाहीत.

व्यापारी मंडळींना सर्वाधिक धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. व्यवहार खरा, विक्रेता खरा, बीजकही खरे. आणि शेवटच्या क्षणी ई-मेल येतो की, आमचे खाते बदलले आहे, लेखापरीक्षण चालू असल्याने दुसऱ्या बँकेत रक्कम भरा. पत्त्यात एका अक्षराचा फरक असतो, तो घाईत दिसत नाही. विक्रेता जर्मनीचा आणि खाते तिसऱ्याच देशात, एवढे दिसले तरी हात थांबवावा. खातेबदल कळवणाऱ्या पत्रातील क्रमांकावर नव्हे, आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पैसा गेलाच, तर त्याच तासात बँकेला कळवावे व १९३० वर तक्रार नोंदवावी.

यंत्रासारखी मोठी खरेदी असेल तर पतपत्र, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, मागून पाहावे. लिलावगृहे ते सहसा मान्य करीत नाहीत. परंतु यंत्रांचे व्यापारी करतात. येथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानी येत नाही : बँक कागद तपासते, माल तपासत नाही. कागद नियमानुसार असतील तर पेटीत भंगार निघाले तरी बँकेस पैसे द्यावेच लागतात. यास्तव त्रयस्थ तपासनिसाचे प्रमाणपत्र ही पतपत्रातच अट घालावी. जुन्या यंत्राच्या मूल्यासाठी सीमाशुल्क खाते चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र मागते, ते तर लागेलच.

बँकेत रक्कम पाठवताना उद्देश खरा लिहावा. कागदपत्रांचा त्रास वाचावा म्हणून ‘नातेवाइकास मदत’ असे लिहिणारे ग्राहक मी पाहिले आहेत. तसे केले की बीजकावर हक्क सांगताना आपलाच कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो. व्यापारी आयातीस आयात-निर्यात संकेतांक लागतो, स्वतःच्या वापराच्या वस्तूस लागत नाही. आणि माल आल्यावर बिल ऑफ एंट्रीचा पुरावा बँकेकडे जमा व्हावा लागतो. पार्सलवर ‘भेट’ लिहवून घेण्यातही आता अर्थ नाही. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. राखी व जीवरक्षक औषधे एवढाच अपवाद उरला.

पोथ्यांविषयी मात्र थोडे थांबून सांगतो. कारंजा लाडच्या भांडारांतील हस्तलिखितांवर अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी काम केले, त्या प्रदेशातील वाचकास परदेशात गेलेली पोथी परत आणावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे घरी आल्यावर पोथी बनावट वा सदोष वाटली, तरी ‘परत पाठवा, पैसे देतो’ ही विक्रेत्याची हमी वापरणे सोपे राहत नाही. अशा वस्तूची परीक्षा ती तिकडे असतानाच जाणकाराकडून करवून घ्यावी, आणि लिलावगृहाकडून ती त्याच्याकडे कोणामार्फत आली याचा लेखी इतिहास बोलीपूर्वीच मागवावा.