मका परसातला, उतारा कुणाचा?

बचत गटाची बैठक असो की अंगणवाडीतला पोषण महिना, ‘दारात दोन वाफे करा’ हे वाक्य आमच्या रहिमतपूर भागातल्या बायकांनी इतक्यांदा ऐकले आहे की त्या ते माझ्याआधी म्हणतात. समाजकार्यात एम.ए. करून इथे काम करणारी मीही ते सांगते, यापुढेही सांगेन. माझे भांडण वाफ्याशी नाही. वाफा कुणाच्या जागेत आहे हे आपण कधीच विचारत नाही, त्याच्याशी आहे.

गोड मक्याचेच बघा. मुलांना आवडतो, म्हणून बायका हौसेने लावतात. पण कुंपणाकडेने एकच ओळ लावली तर कणसे अर्धी बोडकी निघतात. तुऱ्यातला पराग वाऱ्याने कणसाच्या केसांवर पडतो आणि एका केसामागे एकच दाणा भरतो. म्हणून चार आखूड ओळींचा चौकोन करायचा, दोन ओळींत दोन फूट, दोन रोपांत वीतभर अंतर. आठ बाय आठ फुटांत चाळीसेक रोपे बसतात. शेजारी वैरणीचा मका त्याच वेळी तुऱ्यात आला तर दाणा पिठूळ होतो, म्हणून पेरणी दोन-तीन आठवडे मागेपुढे करायची. २०१८ पासून लष्करी अळी आली आहे, तेव्हा रोज सकाळी पोंगे उघडून अळ्या वेचायच्या. केस निघाल्यावर वीसेक दिवसांनी ते तपकिरी होतात. दाण्याला नख लावले की दूध यायला हवे. आणि कणीस तोडले की गोडी उतरू लागते, म्हणून चुलीवर आधण ठेवूनच तोडायला जावे! बाजारातल्या कणसाला ही चव कुठून येणार?

हे सगळे करते कोण? बाईच. मोरीचे पाणी वळवणारी तीच, अळ्या वेचणारी तीच. आणि कणसे उकडली की शेवटी उरलेले अर्धे तिचे.

माझ्या ओळखीच्या एकीने सहा वर्षे असा वाफा राखला. गेल्या साली पुतण्याला ट्रॉली लावायला जागा हवी झाली. मका तुऱ्यावर होता. सासऱ्यांच्या नावची जागा, त्यांनी होकार दिला आणि सकाळी मका कापून म्हशीपुढे पडला. तिला कुणी विचारलेसुद्धा नाही. ‘मका काय, पुढच्या साली लाव,’ अशी समजूत शेजारणींनी घातली. एवढ्याशा तुकड्यासाठी घरात वाद कशाला, असे मलाही एका कार्यकर्त्याने ऐकवले. आठ फुटांवर जिचा शब्द चालत नाही, तिचा आठ एकरांवर चालेल का, हे मात्र त्याने सांगितले नाही.

मका मूळचा मेक्सिकोकडचा. उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांत तो बायका पिकवत, आणि कोठारही त्यांच्याच ताब्यात असे. लढाईला निघालेल्या पुरुषांना शिधा द्यायचा की नाही, हेही त्या ठरवू शकत. एवढ्या लांब जायलाच हवे असे नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम चालवली, तेव्हा महाराष्ट्रात गावेच्या गावे बायकांच्या नावे जमिनीचा तुकडा करून देत होती.

कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, राज्यात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये. तो माहेरचा, आणि मागितला तर माहेर तुटते. सासरी राबणाऱ्या सुनेच्या हाती त्याने काही येत नाही. ग्रामपंचायत हद्दीतल्या घरावर नवरा-बायको दोघांची नावे लावावीत, असा शासन निर्णय २००३ मध्ये झाला. पण घर सासऱ्यांच्या नावे असेल तिथे तोही अडतो, आणि रहिमतपूर तर नगरपालिकेचे गाव. तेव्हा वडीलधाऱ्यांना, नवऱ्याला बसवून बोलण्यावाचून गत्यंतर नाही. परसबागेच्या प्रशिक्षणात खताचा तास असतो, हा बोलण्याचा तास का नसावा? आदर्श परसबागेला बक्षीस देताना जागेवर बाईचे नाव आहे का, हे गुणपत्रकात का येऊ नये?

पुढच्या बैठकीला मी बियाणे आणणार आहे. येताना घराचा उतारा आणा, असे बायकांना सांगितले आहे. तो मिळतो कुठे, हेच आधी दोघींनी विचारले. खेड्यात ग्रामपंचायतीकडे नमुना आठ मागायचा, गावात नगरपालिकेत घरपट्टीचा उतारा. अर्ज स्वतःच्या हाताने लिहायचा.