ट्रामचा गोंगाट, पाण्याची शिट्टी

एमआरआय म्हटलं की आठवतो तो बोगदा, खडखडाट आणि ‘अंगावर धातूचं काही ठेवू नका’ ही सूचना. त्या यंत्राचं चुंबकीय क्षेत्र सहसा दीड टेस्लाचं असतं. आपल्या मल्हारगंजात पृथ्वीचं जे क्षेत्र आहे, त्याच्या तीस हजार पटींहून जास्त!

पण तोच खेळ पृथ्वीच्या क्षीण क्षेत्रातही रंगतो. पाण्याच्या बाटलीभोवती तारेची गुंडाळी करून थोडा वेळ वीज सोडायची. पाण्यातल्या हायड्रोजनची काही केंद्रकं एका दिशेला वळतात. वीज बंद केली, की ती पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखी डोलतात आणि गुंडाळीत बारीकसा संकेत उमटतो. इंदूरला त्याची कंपनं सेकंदाला साधारण १,९००. स्पीकरला जोडली, तर शिट्टीच! ती मोजून पृथ्वीचं क्षेत्र अचूक सांगणारं यंत्र म्हणजे प्रोटॉन मॅग्नेटोमीटर.

अडचण एकच : संकेत इतका नाजूक, की आसपासची वीज तो सहज बुडवते. चुंबकीय मापनातली ही डोकेदुखी मुंबईनं फार पूर्वी अनुभवली. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मापनं १९०४ मध्ये अलिबागला नेली. संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी मालिका तुटली नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले आजही नवी प्रणाली जुनीबरोबर अशीच चालवून बघतो.

तेव्हा गोंगाटापासून दूर जावं लागलं. आता गोंगाटच वजा करता येतो. हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मेंदूसाठी ०.०५५ टेस्लाचं एमआरआय यंत्र मांडलं. त्याला बाहेरच्या लहरी अडवणारी खास खोली लागत नाही, भिंतीवरच्या साध्या प्लगवर ते चालतं. जादा अँटेना फक्त आसपासचा गोंगाट टिपतात आणि सॉफ्टवेअर तो मूळ संकेतातून काढून टाकतं.

याची चित्रं मोठ्या यंत्राइतकी बारकाईची नसतात, त्यामुळे मोठ्याची गरज संपलेली नाही. पण अतिदक्षता विभागातल्या ज्या पेशंटला खाटेवरून हलवणंच धोक्याचं, त्याच्यापाशी असं हलकं यंत्र नेता येतं. त्याच्या घरच्यांना विचारा, थोडं धूसर पण वेळेवर मिळालेलं चित्र किती मोलाचं असतं ते!