‘मोफत’ जर्मन पदवीचा खरा हिशेब

बारावीचे निकाल लागले की ‘जर्मनीत मोफत अभियांत्रिकी शिक्षण’ या शब्दांच्या जाहिराती पणजी-मडगावातील पालकांच्या मोबाइलवर हमखास येऊन पडतात. जाहिरात सर्वस्वी खोटी नसते आणि म्हणूनच ती फसवी ठरते. आखन किंवा डार्मश्टाट येथील सरकारी तांत्रिक विद्यापीठे भारतीय विद्यार्थ्यांकडून आजही शिक्षणशुल्क घेत नाहीत. प्रत्येक सत्राला काहीशे युरो अंशदान भरावे लागते, इतकेच. मात्र शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, हा समज अनेक कुटुंबांना महागात पडू शकतो.

जर्मनीत आज चिनी विद्यार्थ्यांपेक्षा भारतीयांची संख्या अधिक आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती ४९ हजारांच्या वर होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक विद्यार्थी अभियांत्रिकीचे होते. ही गर्दी वाढत असतानाच ‘मोफत’ या शब्दाची व्याप्ती आक्रसत चालली आहे. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने २०१७ पासूनच युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावले. कार्ल्सरूह आणि श्टुटगार्ट ही नामांकित केंद्रे त्याच राज्यातली. पुढे बव्हेरियाने कायदा बदलला आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून पदवीसाठी सत्राला २,००० ते ३,०००, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ४,००० ते ६,००० युरो आकारण्यास प्रारंभ केला. चार सत्रांच्या पदव्युत्तर पदवीचे हे शुल्क १६ ते २४ हजार युरोंवर जाते.

शुल्क नसलेल्या विद्यापीठातही पहिला अडसर व्हिसाचा आहे. वर्षभराच्या निर्वाहासाठी ११,९०४ युरो, म्हणजे आजच्या दराने १२ लाखांच्या आसपास रुपये, ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच दाखवावे लागतात. पैसे विद्यार्थ्याचेच असतात. पण हाती येतात ते दरमहा ९९२ युरो, आणि म्युनिकसारख्या शहरात घरभाडे भागवताना ते तोकडे पडतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, तथापि पहिल्या वर्षाचा हिशेब त्या कमाईवर मांडणे धोक्याचे.

त्याहून मोठी किंमत भाषेची आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत पुष्कळ मिळतात. पदवीचे शिक्षण मात्र बहुतांशी जर्मनमध्येच होते. शिवाय नुसत्या बारावीच्या बळावर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होणे, भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणे किंवा जर्मनीतील पूर्वतयारी अभ्यासक्रम, हे त्याचे प्रमुख मार्ग. प्रवेशानंतरही परीक्षांना मोजक्याच संधी असतात. बहुतेक ठिकाणी अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते. ‘एटीकेटी’ची सवय झालेल्या विद्यार्थ्याला हा नियम वेळीच ठाऊक असलेला बरा. पदवीनंतर नोकरी शोधण्यास १८ महिने मिळतात. इंग्रजीत शिकलेल्यांना त्या काळात लहान-मध्यम कारखान्यांच्या दारात पुन्हा जर्मन भाषाच आडवी येते.

सरकारी विद्यापीठात प्रवेश न मिळालेल्यांना काही मध्यस्थ खासगी संस्थांकडे वळवतात. तेथे शुल्क भरमसाट असते आणि धोकाही मोठा. अभ्यासक्रम अंशतः ऑनलाइन असल्याचे कारण देत २०२५ मध्ये बर्लिनमधील एका खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांचे निवास परवाने नाकारले गेले. कर्ज काढून गेलेल्या त्या मुलांसमोर देश सोडण्याची वेळ आली.

गोव्यात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांच्या वंशजांपैकी अनेकांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे. अशा विद्यार्थ्याला युरोपीय नागरिक म्हणून जर्मनीत ना व्हिसा लागतो, ना ब्लॉक्ड अकाउंट, ना म्युनिकचे ते वाढीव शुल्क. एकाच वर्गातील दोन मित्रांपैकी एकाचा रस्ता असा लाखो रुपयांनी स्वस्त होतो. मात्र आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पारपत्र आणि मतदानाचा हक्क ही त्या सवलतीची किंमत असून, शुल्क वाचवण्यासाठी अठराव्या वर्षी घाईने घ्यावा असा हा निर्णय नव्हे.

जर्मन तांत्रिक शिक्षणाचा दर्जा वादातीत आहे आणि तयारीनिशी जाणाऱ्याला ते आजही परवडण्याजोगे आहे. तेव्हा पालकांनी मध्यस्थाला तीन प्रश्न विचारावेत: विद्यापीठ सरकारी आहे की खासगी? दोन वर्षांचा एकूण खर्च किती? मुलाला जर्मन किती येते? यांपैकी तिसऱ्याचे उत्तर मध्यस्थाकडे नसते, ते घरातच असते. ते ‘अजिबात नाही’ असे असेल, तर कर्जाच्या अर्जाआधी भाषेच्या वर्गाचा अर्ज भरणे शहाणपणाचे ठरेल.