लेक बोलेना, बोल मात्र आईला

मैत्रिणींनो, माझी लेक अडीच वर्षांची झाली तरी ‘आई’ म्हणेना, तेव्हा घरात पहिला बोल मलाच लागला. “दिवसभर मशीनवर बसतेस, पोरीशी बोलतेस कधी?” मी शिवणकाम करते. सासूबाईंनी नवस बोलला, जाऊबाईंनी जिभेला मध लावला. शेजारच्या काकूंनी तर समजूतच घातली, “पोरीची जात, कमी बोललेली बरी!” पोरीच्या बापाला कुणी काही विचारलं नाही.

तालुक्याच्या गावी ‘स्पीच थेरपी’ अशी पाटी होती. आठ महिने मी लेकीला कडेवर घेऊन तिथे खेपा घातल्या. दर खेपेला ३०० रुपये. तिथले गृहस्थ चित्रं दाखवायचे आणि मला बजावायचे, “घरात अहिराणी बंद करा, शुद्ध मराठीच बोला.” म्हणजे पुन्हा दोष माझाच, माझ्या भाषेचा! दोन भाषा कानावर पडल्यानं मुलाचं बोलणं अडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

अंगणवाडीच्या ताईंनी जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं. तिथल्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंचा पहिलाच प्रश्न होता, “कान तपासलेत का?” तोवर कुणीच तपासले नव्हते. लेकीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. जे नीट ऐकूच येत नाही, ते ती बोलणार कुठून? भाषा शिकण्याची सगळ्यात मोलाची वर्षं ती, त्यातले आठ महिने पाटीवर विश्वास ठेवून गेले.

पुढे समजलं की याला कायदा आहे. १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा. परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय कुणी वाचा-उपचाराचा व्यवसाय करू शकत नाही. केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी झालेल्या प्रत्येकाला क्रमांक असतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं वाचा व भाषादोषाला अपंगत्वांच्या यादीत जागा दिली. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी आणि पुढचे मोफत उपचार सांगितले आहेत. कागदावर सगळं आहे. पण नोंदणी असलेला माणूस आपल्या भागात कुठे बसतो, हे शोधायचं कुणी? आईनं! रोज बुडवून, शिलाईची गिऱ्हाइकं गमावून, घरच्यांची बोलणी खाऊन. २०२३ साली एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पण बुडालेल्या रोजाची भरपाई कोण देतं?

मूल चांगलं बोललं तर ते घराण्याचं, नाही बोललं तर ते आईचं. हा हिशेब आपण किती दिवस मान्य करायचा? आणि सरकारही तोच हिशेब चालवतं. सेवा सुरू करायची आणि ती शोधण्याचं काम बाईच्या फुकटच्या श्रमांवर सोडून द्यायचं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मराठीत फलक लावा. सगळ्यात जवळच्या नोंदणीकृत वाचा-उपचारतज्ज्ञाचं नाव, नोंदणी क्रमांक, बसण्याचा वार आणि फी त्यावर असू द्या. जिल्ह्याच्या तज्ज्ञांना आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवा. जिथे ही पदं रिकामी असतील, तिथे ती भरा.

तोवर आपण एवढं तरी करू. पैसे देण्याआधी नोंदणी क्रमांक विचारू. कान तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणून सांगू. विचारलं की काही जण चिडतात, चिडू देत. आणि मुलाला घेऊन जायच्या खेपा बापालाही वाटून देऊ. माझ्या घरी हे भांडूनच झालं, आता एक आड एक खेप त्यांची असते.

लेकीच्या कानाला आता यंत्र आहे. ती बोलते, अहिराणीत आणि मराठीतही. शेजारच्या काकूंना एवढंच सांगते, पोरीची जात असली तरी ती कमी बोलणार नाही. आणि आता मीही नाही.