तपासणी दुकानापासून हवी

जुन्या मोटारीतला कंपनीचा हॅलोजन बल्ब काढून जास्त वॅटचा किंवा एलईडी बल्ब बसवला, तर पावती फाटते ती गाडीमालकाची. बल्ब विकणारा नामानिराळा राहतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ही विसंगती अधिक खुपते. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयचे केंद्र चाकणला आहे, सीआयआरटी ही तशीच संस्था भोसरीला आहे, गाड्यांचे दिवे याच पट्ट्यातल्या कारखान्यांत तयार होतात. आणि पाळी सुटल्यावर तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या दुभाजक नसलेल्या टप्प्यातून दुचाकीवर घरी निघालेल्या कामगाराला मात्र समोरच्या झोतामुळे पुढचा खड्डा दिसत नाही.

हा प्रश्न निव्वळ प्रखरतेचा नाही. जुन्या गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरची ५५ वॅटची, अप्परची ६० वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून परावर्तकाचा वरचा भागच उजळतो आणि झोत रस्त्यावर उतरतो. परावर्तकाची सगळी घडण त्या तारेच्या जागेवर बेतलेली असते. तिथे भलत्याच आकाराची एलईडी चिप आली, मिलिमीटरभर जरी सरकली, तरी झोताची कड विस्कटते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. दुचाकीस्वाराचे डोळे जवळपास त्याच उंचीवर असतात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली नव्या रूपात आलेले कलम १८२-अ वाचले, तर दोषाची मोठी बाजू कोणाकडे धरली आहे ते दिसते. नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड. सुरक्षेसाठी अत्यावश्यक म्हणून अधिसूचित केलेला भाग निकषांत न बसणारा असूनही विकला, तर वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे १ लाख रुपये दंड. हेडलाइटचा बल्ब या तरतुदीत येतो याबद्दल कुणालाही शंका राहू नये, इतकी स्पष्ट अधिसूचना हवी. ‘ऑफ-रोड वापरासाठी’ असे बारीक अक्षरांत छापलेला १००/९० वॅटचा बल्ब शहरातल्या गाडीसाठी विकला जातो, तेव्हा तो कुठे लागणार हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते.

जुन्या गाडीचा उजेडच पडत नाही, मग मालकाने करायचे काय, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. पण उजेड कमी पडतो तो बहुधा पिवळ्या पडलेल्या काचेमुळे, विटलेल्या परावर्तकामुळे आणि झिजलेल्या वायरिंगमुळे. बल्बपर्यंत पोहोचणारा व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला, तर हॅलोजनचा प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. त्याच वायरिंगवर १०० वॅटचा भार टाकला की होल्डर वितळण्याची भीती. नव्या गाड्यांचे पांढरे दिवेही डोळ्यांत जातात, हेही खरे; त्यांचाही झोत तपासलाच पाहिजे, पण तिथे निदान दिवा आणि त्याचा प्रकाशस्रोत एकत्र तपासून मान्य झालेला असतो. सरसकट बंदीचीही गरज नाही. जर्मनीने २०२० पासून ठरावीक एलईडी बल्बना ठरावीक मॉडेलच्या गाड्यांपुरतीच परवानगी दिली. तशी यादी आपल्याकडे करायची, तर चाचणीची सोय इथेच हाताशी आहे.

खासगी मोटारीचे १५ वर्षांनी पासिंग होते, त्यानंतर थेट पाच वर्षांनी. तेवढ्यापुरता जुना बल्ब लावून नेणे कुणालाही अवघड नाही. म्हणून परिवहन विभागाने पोलिसांना बरोबर घेऊन सुट्या भागांच्या दुकानांत मान्यतेची खूण नसलेला माल शोधावा. रस्त्यावर पकडलेल्या मालकाला बल्बचे बिल मागावे आणि पुढची कारवाई त्या बिलावरच्या पत्त्यावर जाऊन करावी.