फडावर नर्सबाई हवी

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. त्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे फडावरून गावी परतलेली असतात. जिल्ह्याने त्या दिवशी ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यांतील परिचारिकांची आठवण काढावी.

मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उघडले. नगरकडे वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचा दवाखाना होता. अशा ठिकाणी सातासमुद्रापलीकडून आलेल्या नर्सबाई आधी मराठी शिकत आणि मग वर्षानुवर्षे इथेच राहत. परक्याची जखम धुणे, विटाळ मानून दूर ठेवलेल्या बाळंतिणीपाशी बसणे, ही कामे त्या काळी हलकी समजली जात. त्यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूवर वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. तरीही त्यांच्या हाताखाली इथल्या मुली शिकल्या, त्यांनी स्वतः वॉर्ड सांभाळले, हे त्या सेवेचे सर्वांत मोठे फळ आहे.

वडाळ्यात काम केलेल्या डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला ही वाट थेट गावापर्यंत नेली. बरा होऊन गेलेला रोगी तोच आजार घेऊन परत येतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून गावातल्याच बायकांना त्यांनी शिकवले. त्यांत अनेकजणी दलित, निरक्षर, विधवा किंवा टाकलेल्या होत्या. या बायकांनी बाळंतपणे केली, मुलांची वजने घेतली, पाणी शुद्ध करायला लावले. जामखेड बीड जिल्ह्यातील आष्टी-पाटोद्याला लागून आहे. बीडला हा धडा दूरचा नाही.

याच बीडमध्ये २०१९ साली राज्य सरकारच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीतही मोळी डोक्यावर असते. एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेतून, दंड कापतो. अंगावर काढलेले दुखणे वाढते, कर्करोगाची भीती घातली जाते आणि बाई ऑपरेशनला तयार होते. साधा संसर्ग वेळीच ओळखून औषध देणारी, घाबरू नको म्हणणारी परिचारिका तिथे असती, तर यातल्या कितीतरी शस्त्रक्रिया टळल्या असत्या.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. गाळप हंगामात प्रत्येक कारखान्याने मजुरांच्या तळावर मुक्कामी परिचारिका ठेवावी आणि तिचा पगार द्यावा. टोळी निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, प्रत्येक टोळीतील एका बाईला आरोग्याचे प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि मानधन मिळावे. त्या कामासाठी तिचा खाडा धरू नये. परमुलखातून येऊन बायका इथे आयुष्यभर राहिल्या. आपल्याच लेकीबाळींसाठी सहा महिने एक नर्स तळावर ठेवणे सरकारला आणि साखर कारखान्यांना जमलेच पाहिजे.