‘टू’ म्हणजे ‘साठी’ नव्हे

इंग्रजीत क्रियापदाआधी ‘टू’ आला की मराठीत ‘-ण्यासाठी’ लावा, असा नियम आपल्याकडे सर्रास घोकून घेतला जातो. त्याला आधारच नाही असं नाही. जुन्या इंग्रजीत हा ‘टू’ दिशा आणि हेतू दाखवायचा. ‘ही केम टू सी मी’मध्ये आजही दाखवतो. पण ‘टू क्लाइंब राजगड इज हार्ड’ हे वाक्य याच नियमाने सोडवलं, तर ‘राजगड चढण्यासाठी अवघड आहे’ असं काहीतरी हाती येतं. म्हणायचं असतं, ‘राजगड चढणं अवघड आहे’. इथे हेतूचा संबंधच नाही; ‘टू क्लाइंब’ हे क्रियापदाचं मूळ रूप, म्हणजे इन्फिनिटिव्ह, नामासारखं वागून वाक्याचा कर्ता झालं आहे. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘लेट’ यांच्यापुढे तर ‘टू’ येतच नाही. नियम पाठ केलेलं मूल ‘आय कॅन टू गो’ लिहितं, तेव्हा दोष त्या मुलाचा नसतो.

यावर काही जण म्हणतात, इंग्रजीच्या तासाला मराठी आणूच नका, म्हणजे हा गोंधळ टळेल. हे मला मुळीच मान्य नाही. गोंधळ चुकीच्या मराठीने केला, मराठीने नव्हे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. नसरापूर-वेल्हे रस्त्यावरच्या विंझरमधलं मूल पहिलीत येतं तेव्हा ‘चढणं’, ‘चढायला’, ‘चढू’ ही रूपं त्याच्या तोंडी पक्की असतात. ‘तोरणा चढायला गेलो’, ‘मी चढू शकतो’, ‘त्याला चढू दे’. कोणतं रूप कुठे, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आता पाहा: ‘शकणे’ आणि ‘देणे’ यांच्याआधी मराठीत ‘-ऊ’ येतो, तिथे इंग्रजीत ‘टू’ गळतो. ‘कॅन क्लाइंब’, ‘लेट हिम क्लाइंब’. सगळीकडे हे जुळत नाही. ‘चढू लागला’ म्हणताना ‘बिगॅन’पुढे ‘टू’ लागतो. ‘रडायला लावलं’ म्हणताना ‘मेड’पुढे लागत नाही. अशा जागा वेगळ्या दाखवाव्या लागतील.

पण मराठीचं खरं बळ पुढेच दिसतं. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ आणि ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ यांतला फरक इंग्रजीतून समजावताना शिक्षकाची दमछाक होते. ‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’ एवढंच म्हणा. एकात बोलणं सुरू होतं, दुसऱ्यात संपतं, हे मुलाच्या कानाला आधीच ठाऊक आहे. मोरो केशव दामल्यांनी 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त अशा रूपांचा, म्हणजे क्रियापदांपासून बनलेल्या कृदन्तांचा, सविस्तर विचार करून ठेवला आहे. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी तो एकदा वाचावा, आणि ‘टू’चा अर्थ फळ्यावर लिहून देण्याऐवजी तो कुठे येतो नि कुठे गळतो, हे मुलांच्याच वाक्यांतून काढून घ्यावं.